पोराला धरलं की बापाला? ‘जुना नाशिककर’ यांना उत्तर

जुने नाशिककर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण घरच्यांनी लॅपटॉप मिटवला आणि सकाळी लिही म्हणाले. सकाळी राग थोडा उतरला, मत तेच राहिलं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाशिकच्या मुंबई नाक्यावर एक फलक लागला होता. एका पुढाऱ्याच्या मुलाचा वाढदिवस, मुलगा एकोणीस वर्षांचा. फलक सिग्नलच्या खांबालाच सुतळीनं आवळलेला, वरची कड हिरव्या दिव्यावर आलेली. मुलाच्या डोळ्यांवर गॉगल, अंगठा वर, मागे काळी गाडी, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘भावी नगरसेवक’. संध्याकाळी तलवारीनं केक कापल्याचा व्हिडिओ मोबाइलवर फिरलाच. या सगळ्यावर मी लिहिलं. मुलाचं नाव लिहिलं नाही, वडिलांचंही नाही.

त्यावर तुम्ही लिहिलंत: “ताई, बापावर लिहायची हिंमत नाही म्हणून पोराला धरता. डॉक्टरचा मुलगा डॉक्टर झालेला चालतो, बागायतदाराचा मुलगा बागायतदार झालेला चालतो, पुढाऱ्याचा तेवढा चालत नाही. लोक मत देतात तर तुम्हाला पोटशूळ का? पोरगा कॉलेजात आहे, त्याच्या आईनं वाचलं असेल तर काय वाटलं असेल? तुमच्या मुलांवर कुणी असं लिहिलं तर?”

आधी एक मान्य करते. लेखाखाली काही जणांनी त्या मुलाच्या रंगावर आणि जाडीवर लिहिलं होतं. त्याबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे, त्या ओळी मी काढून टाकल्या. दिसण्यावरून कुणालाच बोलू नये, पुढाऱ्याच्या मुलाला तर मुळीच नाही, कारण त्यानं मूळ मुद्दा बाजूला पडतो आणि मुलाला फुकटची सहानुभूती मिळते.

आता हिंमतीचं. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि त्याच दमात हिंमत काढायची, ही कुठली रीत? माझं माहेर निफाड तालुक्यातलं. तिकडे भांडायचं असलं की माणूस स्वतःच्या नावानं, ओट्यासमोर उभा राहून भांडतो. तुम्ही टोपणनावाच्या आडून माझ्याकडे हिंमतीचा दाखला मागताय. बरं, मागितलाच आहे तर घ्या.

मी आयुष्यभर ज्या शिक्षणसंस्थेत नोकरी केली तिचे पदाधिकारी राजकारणातले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण इथे विषय संस्थेचा नाही. एका निवडणुकीच्या वेळी आम्हा शिक्षकांना रविवारी घरोघरी चिठ्ठ्या वाटायला जायचा ‘निरोप’ आला. लेखी काही नसतं, शिपाई येऊन कानात सांगतो. स्टाफरूममध्ये सगळे मान खाली घालून वह्या तपासत होते. मी मुख्याध्यापकांना लेखी दिलं की मी जाणार नाही. त्या जूनमध्ये माझी बदली तालुक्याच्या शाखेत झाली. पहाटेची एसटी, मांडीवर डबा, मुलगी सासूबाईंकडे. प्रशासकीय सोय म्हणून बदली, असं पत्रात होतं. सोय कुणाची ते मला कळलं होतं आणि स्टाफरूमलाही. ज्यांच्यामुळे हे झालं ते कुणाचे पोरगे नव्हते, चांगले पांढऱ्या केसांचे बाप होते. तेव्हा बापावर बोलायची हिंमत मला आहे की नाही, हे तुम्ही नाव न लिहिता ठरवू नका.

आणि मी पोराला धरलं, हे तरी कुठे खरं आहे? त्या फलकाकडे जरा नीट बघा. वरच्या कोपऱ्यात वडिलांचा फोटो आहे, मुलापेक्षा लहान, हात जोडलेला. खालच्या पट्टीत ‘शुभेच्छुक’ म्हणून पासपोर्ट आकाराच्या फोटोंची रांग. ही मंडळी काही एकोणीस वर्षांच्या मुलाची मित्रमंडळी नाहीत. त्यातले निम्मे त्याच्या वडिलांच्या वयाचे आहेत. कॉलेजात शिकणाऱ्या मुलानं एवढ्या मोठ्या छपाईचं बिल खिशातून भरलं असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही जुने नाशिककर कसले! सिग्नलच्या खांबावर फलक चढला आणि कुणी हटकलं नाही, ही मुलाची पुण्याई आहे का? महाराष्ट्रात सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ पासून कायदा आहे. बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०१७ मध्ये तपशीलवार निकाल दिला. तरी फलक चढतो, कारण कोपऱ्यात तो छोटा फोटो असतो.

‘भावी नगरसेवक’चं तर विचारूच नका. महापालिकेला उभं राहायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. मुलगा एकोणीसचा. मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली, १२२ नगरसेवक घरी गेले, प्रशासक आले आणि निवडणूक वर्षानुवर्षं पुढे गेली. त्या काळात नाशकात भावींचं पीक आलं. कॉलेज रोडला भावी, सिडकोत भावी, पंचवटी कारंजावर भावी. बसायला सभागृह नव्हतं, पण रांग लागलेली. त्या रांगेत बापानं मुलाचा रुमाल टाकून ठेवलाय. मी लिहिलं ते रुमालावर, आणि रुमाल टाकणाऱ्यावर. हे तुमच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

मुलांवर कधी लिहावं आणि कधी लिहू नये, याची रेघ मला ठाऊक नाही असं तुमच्या सुरावरून वाटतं. आणीबाणीनंतरचं जनता पक्षाचं सरकार आठवतं का? १९७८ साली त्या एकाच सरकारातल्या दोन मोठ्या नेत्यांच्या मुलांची नावं गाजली. पंतप्रधान मोरारजी देसाई यांचा मुलगा कांतीभाई वडिलांच्या पदाचा फायदा घेतो, असे आरोप झाले. त्याच सरकारातल्या चरणसिंगांनी त्याच्या चौकशीची मागणी लावून धरली. आरोप खरे की खोटे हा भाग वेगळा, पण प्रश्न विचारण्याजोगा होता, कारण तो पंतप्रधानांच्या खुर्चीबद्दल होता. त्याच वर्षी संरक्षणमंत्री जगजीवनराम यांच्या मुलाचे खाजगी फोटो एका मासिकानं छापले. त्या फोटोंत सरकारी कागद नव्हता, कंत्राट नव्हतं, देशाचं काही नव्हतं. तो निव्वळ बापाला संपवायचा डाव होता, आणि बापाचं नुकसान झालंच. हे दोन्ही प्रकार एकाच मापानं मोजणारे लोक मला दोन्ही बाजूंना भेटतात. एक म्हणतात मुलांना हातच लावू नका, दुसरे म्हणतात काहीही छापा.

आपल्याकडेच बघा. शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री असताना मुलीच्या एम. डी. परीक्षेतल्या गुणांचं प्रकरण न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर मार्च १९८६ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. त्या मुलीनं ना निवडणूक लढवली होती, ना कुठल्या नाक्यावर फलक लावला होता. तुमच्या नियमानं तिचं नावच काढायला नको होतं. मग मुख्यमंत्र्यांना प्रश्न विचारायचा कसा?

उलट बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ताई सोयीचं तेवढं आठवतात. ५ ऑक्टोबर २०२२ च्या दसरा मेळाव्यात शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनी एकनाथ शिंदे यांच्या घराणेशाहीवर बोलताना त्यांच्या नातवालाही ओढलं, तोही पुढे नगरसेवक होईल अशा अर्थानं. नातू तेव्हा जेमतेम दीड वर्षाचा. त्याचे वडील, खासदार श्रीकांत शिंदे यांनी खुलं पत्र लिहून नापसंती कळवली. त्या वेळी मी शिंद्यांच्या बाजूनं बोलले होते, ठाकऱ्यांना मत देणाऱ्या माझ्या भावाशी जेवणाच्या ताटावर वाद घालून. पाळण्यातल्या लेकराचं नाव राजकारणात घेऊ नये. पण पाळण्यातलं लेकरू आणि सिग्नलवर अंगठा दाखवणारा मतदार, यांत फरक आहे की नाही?

तुम्ही विचारलंत, माझ्या मुलांवर कुणी लिहिलं तर. मुलांचं राहू द्या, माझ्यावरच बोललं गेलंय. माझे वडील आमच्या गावचे सरपंच होते. गावात नळयोजना आली तेव्हा पहिलं पाणी आमच्या गल्लीला सुटायचं. व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस आधी आमच्या वाड्यासमोरचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग खालच्या आळीचा. खालच्या आळीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन आमच्या नळावर येत. मी तेव्हा सातवीत असेन. एक म्हातारी हंडा खाली ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, “सरपंचाच्या पोरीच्या ओढणीला इस्त्री, आन् आमच्या पोरींच्या अंगाला पाणी नाही.” मी रडत घरात गेले. आईनं म्हातारीला शिव्या दिल्या. वडील जेवत होते, काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पाणी खालच्या आळीला आधी सुटू लागलं.

त्या म्हातारीनं पोरीला धरलं की बापाला? तुमच्या हिशेबानं तिला सरपंचाशी बोलायची हिंमत नव्हती. हिंमत असो नसो, तिचं काम झालं. मला लागलं, खूप लागलं, पण माझ्या ओढणीची इस्त्री आणि तिच्या आळीतला कोरडा नळ यांचा संबंध तिनं जोडला तो चुकीचा नव्हता. म्हणून पुढाऱ्याच्या मुलांना काय सोसावं लागतं हे मला कुणी शिकवू नये. गावपातळीवर का होईना, ते मी सोसलंय.

बाकी मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. डॉक्टरचा मुलगा डॉक्टर, हे वाक्य दर निवडणुकीला कुणीतरी म्हणतंच. आपल्याच जिल्ह्यात डॉ. दौलतराव आहेर आणि डॉ. राहुल आहेर, बापलेक दोघेही डॉक्टर, दोघेही राजकारणात. डॉक्टर व्हायला दोघांनाही वेगवेगळी परीक्षा द्यावी लागली, बापाच्या पदवीवर मुलाला इंजेक्शन देता आलं नसतं. तिकिटाची परीक्षा कुठे होते, तेवढं कळवा. चांदवडकरांनी राहुल आहेरांना पुन्हा पुन्हा निवडून दिलंय, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार तुमच्या उदाहरणाबद्दल आहे. बागायतदाराचंही तेच. द्राक्षाच्या बागेला डाउनी, म्हणजे बुरशीचा रोग, आला की तो बापाच्या नावानं मागे हटत नाही. मुलाला पहाटे फवारणी करावीच लागते.

लोक मत देतात, हा मुद्दाही अर्धाच. मत देतात तसं पाडतातही. छगन भुजबळांचे पुत्र पंकज भुजबळ नांदगावमधून २००९ आणि २०१४ ला निवडून आले, २०१९ ला मतदारांनी त्यांना पाडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते राज्यपालनियुक्त आमदार म्हणून विधान परिषदेत गेले. कायद्यानं सगळं ठीक आहे. पण त्यात नांदगावच्या मतदाराचं मत कुठे होतं, हे विचारलं की तुम्ही त्याला पोटशूळ म्हणणार. म्हणा.

त्या मुलाच्या आईबद्दल तुम्ही लिहिलंत. त्यांना वाईट वाटलं असेल. वाटू शकतं. पण तो फलक त्याही रोज येता-जाता बघत असतीलच, आणि मुलाचं वय त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. यापुढे मला यावर बोलायचं नाही.

राहता राहिला बाप. निवडणुकीच्या अर्जासोबत उमेदवार जे शपथपत्र देतो त्यात पती-पत्नीची आणि अवलंबून असलेल्या मुलांची मालमत्ताही लिहावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर त्यांच्या उत्पन्नाचे स्रोतही. ही शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. फलकाच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या फोटोवाल्या गृहस्थांची जुनी आणि नवी अशी दोन्ही मी काढून ठेवली आहेत. पुढचा लेख त्यांच्यावरच आहे, नावानिशी. त्या घराची आणि प्रभागाची माहिती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दिसते, तेव्हा काही चुकलं तर सांगा. तेवढं तुमच्या खऱ्या नावानं सांगितलंत तर बरं.