बाबांच्या गुडघ्याच्या करंट मशीनबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये 6 सिटिंग झाली, मशीन लावून 20 मिनिटं कोणी फिरकलं नाही, करंट मुंग्या चावल्यासारखा लागला आणि फरक काहीच नाही. रिव्ह्यू वाचून मी आधी जाऊन मशीनचे पॅड, म्हणजे करंट द्यायला कातडीला चिकटवतो ते, बघितले. कडा वाळून वर आल्या होत्या. पॅड असा वाळला की तो कातडीला दोन-चार ठिकाणीच टेकतो आणि सगळा करंट तेवढ्यातूनच आत जातो, म्हणून चावतं, आणि बाबांनी चावतंय म्हटल्यावर आमच्याकडे काम करणाऱ्या मुलीने करंट कमी केला, त्यामुळे स्नायू नीट आवळलाच नाही. चूक आमची आहे, मनापासून सॉरी. ते पॅड फेकले.

एकटं सोडलं ही तर त्याहून मोठी चूक. ऑपरेशननंतर गुडघ्याला सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू झोपून जातो, कितीही म्हटलं तरी आवळत नाही. त्याला जागं करायला हा करंट, साधारण 35 ते 50 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितके बारीक झटके, 10 सेकंद चालू आणि मग तीस-चाळीस सेकंद आराम. पण करंट आला की पेशंटने स्वतःही गुडघा खाली दाबून मांडी आवळायची असते, ते शेजारी बसून करून घ्यावं लागतं, नुसतं पडून राहिलं तर निम्मं काम वाया जातं. बाबांना हे कोणी सांगितलंच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

तुमची एकच गोष्ट पटली नाही, असली मशीन ऑनलाइन मिळते, घरीच लावू, हे. त्यातल्या बऱ्याच मशीन टेन्सच्या असतात, त्या दुखणं कमी जाणवावं म्हणून असतात, मुंग्या येतात पण स्नायूला ताकद येईल असं आवळणं त्यात होत नाही. घ्यायचीच असेल तर घ्या, पण पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, मानेच्या पुढच्या बाजूला तर कधीच नाही. आणि पोटरी अचानक सुजून गरम लागली तर मशीन बाजूला ठेवून आधी सर्जनला दाखवा, ऑपरेशननंतर रक्ताची गाठ होऊ शकते.

ती 6 सिटिंग मी परत करून देते, पैसे नकोत, मी स्वतः शेजारी बसेन. बाबांना हाफ पँट घालून आणा, मांडी पूर्ण मोकळी लागते.