मक्खन करून देतो ना, काकाजी!

तुमची गाडी एमएच-३१ पासिंगची असेल, वय १५ च्या पुढे गेलं असेल आणि छतावरच्या लॅकरचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचे, पापुद्रे निघायला लागले असतील, तर आधी अभिनंदन. नागपुरात गाडी रंगवून घेणं महाग आहे ही निव्वळ अफवा. ती शोरूमवाल्यांनी उठवली आणि सरळमार्गी माणसांनी खरी मानली. स्वस्तात रंग मारून घेतलेले अनुभवी लोक याबद्दल तोंड उघडत नाहीत, कारण त्यांना ती गाडी अजून विकायची असते. म्हणून हे सांगायचं काम माझ्याकडे आलं.

पहिलं म्हणजे गाडी नीट पाहू नका. पाहिली की खर्च कमी होतो. नीट पाहिलं तर लक्षात येईल, की छत, बोनेट आणि डिकीचा वरचा भाग तेवढा गेला आहे. दरवाजे पॉलिशवर अजून काही वर्षं सहज काढतील. साहजिक आहे. ऊन वरून पडतं आणि हा थर आधी खातं. त्यातून आपलं ऊन. मे २०२४ मध्ये इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता, असा हवामान खात्याने मागाहून खुलासा केला. सेन्सर सुटला. तुमचं बोनेट मात्र तेव्हाही उघड्यावरच उभं होतं आणि त्याच्या बाजूने खुलासा करणारं कुणी नव्हतं.

एखादा शहाणा मेव्हणा म्हणेलही, "भाऊजी, नुसतं छत अन् बोनेट करून घ्या, बाकीले रबिंग-पॉलिश मारा, स्वस्तात निपटते." त्याच्याशी वाद घालू नका, पण पुढच्या वेळी गाडी दाखवायला त्याला बोलावूही नका. अर्धीच गाडी रंगवली हे शेजारच्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? करायची तर फुल बॉडी.

आता भाव. साध्या हॅचबॅकचे रंगाच्या हिशेबात १३ भाग होतात: चार दरवाजे, दोन फेंडर, मागचे दोन क्वार्टर पॅनेल, बोनेट, छत, डिकी आणि दोन बंपर. शोरूमच्या काउंटरवरचा मुलगा पॅनेलमागे तीन हजार लावेल आणि कॅल्क्युलेटर तुमच्याकडे फिरवेल. ३९ हजार, वर जीएसटी. जी गाडी सत्तर हजारांत कुणी घेत नाही, तिला! इथे उठायचं आणि थेट त्या गल्लीत जायचं, जिथे एक बिनचाकाची ओम्नी विटांवर उभी असते.

"उस्ताद, फुल बॉडीचं काय घ्याल?"

उस्ताद खर्ऱ्याची पुडी चोळत गाडीभोवती एक चक्कर मारतील, दरवाजावर नखाने टिचकी वाजवतील. "वीस लागते, काकाजी."

"वीस? नवी गाडी नाही घेऊन राहिलो मी."

"बरं, अठरा द्या."

"बारा."

"बारात तर मटेरियलच नाही येत ना बाप्पा! जाऊ द्या, तेरा. मक्खन करून देतो ना, काकाजी!"

जिंकलात. ३९ चं काम १३ मध्ये, पॅनेलमागे हजार रुपये. मधले २६ हजार कुठे गेले, हे मात्र विचारायचं नाही. रंगाचा डबा, रंग कडक करणारं हार्डनर, थिनर उस्तादांनाही दुकानातून विकतच आणावं लागतं. कंप्रेसरही फुकटच्या विजेवर चालत नाही. कमी होण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे हाताखालचा पोरगा तुमचा पत्रा किती दिवस घासणार. घासाघीस करून तुम्ही घिसाई कापून घेतली.

आणि ते बरंच झालं, कारण घिसाई दिसत नाही. प्रत्यक्ष रंग मारणं हे दिवसाभराचं काम. बाकी सगळं त्याच्या आधीचं. जुना सुटलेला थर उतरवायचा, गंज पार पत्र्यापर्यंत खरवडायचा, प्राइमर, पुट्टी, मग ८० नंबरच्या पेपरपासून चढत चढत ४००, ६००, ८०० चा पाणीपेपर, मग सरफेसर, की पुन्हा पेपर. इतकं करून गाडी कशी दिसते? राखाडी. राखाडीसाठी कुणी पैसे मोजतं का? पोळ्याला शिंगं रंगवायच्या आधी बैल धुतात तरी. तुम्ही तेवढंही मनावर घेऊ नका. मागे कधी बोनेटला सिलिकॉनचं पॉलिश लावलेलं असेल आणि पत्रा नीट पुसला नसेल, तर ताजा रंग त्या जागेवरून मागे सरतो आणि गोल गोल खळगे पडतात. पेंटर त्यांना फिश आय म्हणतात. नाव चांगलं आहे, डिझाइन म्हणून खपून जातं.

गंजाचं काय करायचं? झाकायचा. चाकावरच्या कमानीला आणि दरवाजांखालच्या पट्टीला जुन्या गाडीत फोड येतातच. तो फोड पेचकसाने टोकरायचा, आत भोक निघालं तर कापडाचा बोळा कोंबायचा आणि वरून पुट्टी थापायची. पुट्टीचा थर पातळ हवा, वगैरे नियम पुस्तकात असतात. पुट्टीला पाणी शोषायची सवय असते आणि गंजाला हवं असतं तेच, त्यामुळे आतल्या आत दोघांचं चांगलं जमतं. पहिला पावसाळा निभावतो. दुसऱ्यात त्याच जागी फोड येतो, थोडा ऐसपैस. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा लेआउटकडच्या गाड्या पाण्यात गेल्या, त्यांत तुमची असेल तर रंगाला पर्यायच नाही. गाळ कार्पेटखाली असतो, रंग बाहेरून असतो. एकाला दुसऱ्याचा पत्ता लागत नाही.

"बूथ आहे का?" असं विचारून हसं करून घेऊ नका. मोठ्या वर्कशॉपमध्ये बंद खोली असते, गाळलेली हवा असते आणि रंग मारल्यावर गाडी ६० अंशांच्या आसपास भाजतात. उस्तादांकडे तीन बाजूंना ताडपत्री आहे आणि चौथ्या बाजूला रस्ता. धूळ बसावी म्हणून जमिनीवर बादलीभर पाणी मारलेलं. रंगाचा धूर बाहेर ओढायला जुन्या कूलरचा पंखा उलटा करून ताडपत्रीच्या भोकात बसवलेला असतो. त्याच्या जाळीवर आजवर रंगलेल्या सगळ्या गाड्या थरावर थर चढून बसलेल्या, लाल, पांढऱ्या, एक कुणाची तरी पोपटी. भाजायला वेगळी भट्टी नागपुरात कशाला लागते? समोर सिमेंट रोडचं काम चालू असेल तर सोन्याहून पिवळं. क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, ओला असताना जे कण बसतात ते गाडीसोबत राहायला येतात, धुऊन जात नाहीत. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, थिनर वाटेतच उडतो, रंग पसरायला वेळ मिळत नाही आणि सगळा पत्रा खरबरीत येतो. जगभरात याला ऑरेंज पील म्हणतात. संत्र्यांच्या गावात राहून त्याची तक्रार करणं शोभत नाही.

स्प्रे गन धरलेल्या पोराच्या तोंडाला रुमाल असतो. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो आणि रुमालाने ते अडत नाही. त्याला मास्क का नाही, असं तुमच्या मनात आलं तर आठवा, बारावर कोण अडून बसलं होतं.

शेड जुळवण्याचं मनावर घेऊ नका. गाडीवर एका पट्टीवर कलर कोड छापलेला असतो, तो दुकानात दिला की मशीन रंग बनवून देतं. पण उस्तादांची नजर हेच मशीन आहे, असं उस्तादच सांगतात. पांढऱ्यात फारशी गंमत नाही. सुपीरियर व्हाइट कुणालाही जमतो. गंमत सिल्की सिल्व्हरची. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. ते कसे बसतात त्यावर शेड ठरते: गन जवळ धरून ओला हात मारला तर गडद, लांबून कोरडा मारला तर फिक्की. सकाळी रंगवलेला दरवाजा आणि जेवण करून आल्यावर रंगवलेला दरवाजा एकाच डब्यातले असून सावत्र वाटतात. "रंग कोणता वापरता?" म्हटलं की उत्तर येईल, "ड्युपाँट." त्या कंपनीने हा धंदा २०१३ मध्येच विकला आणि त्याचं नाव अ‍ॅक्साल्टा झालं, पण ही बातमी आपल्या गल्लीत अजून पोचलेली नाही. डबा कोणताही असो, आत ड्युपाँटच.

मोसम जुलैचा निवडा. दिवाळीनंतर हवा कोरडी आणि गार असते, तेव्हा समजूतदार लोकांची रांग लागते. पावसात भाव उतरतो आणि दमट हवेने रंगावर पांढुरकी झाक येते. तिला पर्ल फिनिश म्हणायचं.

रंगच बदलायची हुक्की आली तर आरटीओला कळवून आरसीवर नवा रंग चढवून घ्यावा लागतो. त्यापेक्षा "साहेब, सिल्व्हरच आहे, उन्हामुळे लाल दिसते" हे चौकातल्या हवालदाराला पटवणं सोपं. ऑलिव्ह ग्रीनच्या नादी मात्र लागू नका. तो सैन्याच्या गाड्यांचा रंग, खासगी गाडीला नियमानेच बंद आहे, आणि कामठीची छावणी काही फार लांब नाही.

गाडी ताब्यात घ्यायला संध्याकाळी जा. ट्यूबलाइटखाली सगळ्या गाड्या सुंदर दिसतात. टेप रबराच्या पट्ट्यांवरच लावलेली असते, पट्ट्या काढायचा वेळ तेरा हजारांत नव्हता, म्हणून थोडा चंदेरी रंग रबरावर, वायपरवर आणि एका टायरवर आलेला असेल, तो बोनस. मागच्या काचेच्या कडेला वाकून पाहिलंत तर थिनरने भिजलेल्या वर्तमानपत्राची शाई उतरलेली दिसेल, 'भाड्याने देणे आहे' उलट्या अक्षरांत. रंग पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागतात, तोवर वॅक्स नको, प्रेशर वॉश नको, असं जाणकार म्हणतात. तुम्ही सरळ वॉशिंग सेंटरला न्या. जे निघायचं ते लवकर निघालेलं बरं.

मग गाडी विकायला काढा. ठेवायची म्हटलं तर १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाला पाच हजार पडतात, २० च्या वर गेली की दहा, आणि नव्या रंगाकडे बघून आरटीओ फीमध्ये रुपया सोडत नाही. जुन्या गाड्या घेणाऱ्या कंपनीच्या पोराला घरी येऊ देऊ नका. तो खिशातून रंगाची जाडी मोजायचं छोटं मशीन काढतो आणि पत्र्याला टेकवतो. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. तुमच्या कमानीवर मशीनला पत्रा सापडतच नाही. त्यापेक्षा वर्धा-भंडाऱ्याकडचं गिऱ्हाईक बघा. छतावरून हात फिरवून तो "छान ठेवली" म्हणाला, तर ओरिजिनल पेंट आहे म्हणून छातीठोक सांगा. पण त्याने दरवाजा उघडला, रबराची पट्टी बोटाने ओढली आणि खालची टेपची रेघ पाहत बसला, तर समजा, याने कधीतरी तेरा हजारांत फुल बॉडी केलेली आहे. त्याच्याशी घासाघीस करू नका. म्हणेल तेवढ्यात देऊन टाका.