डालीन पहिला स्वीडिश नव्हे

बफेलो सेबर्स संघाचा आइस हॉकीपटू रासमुस डालीन हा एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला पहिला स्वीडिश खेळाडू, असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. हा मान १९८९ मध्येच मात्स सुंदीनला मिळाला. क्वेबेक नॉर्डिक्स संघाने त्याला घेतलं होतं. फक्त सुंदीन बचावपटू नव्हता, आक्रमण फळीतला खेळाडू होता. २०१८ मध्ये पहिला निवडला गेलेला डालीन हा पहिला स्वीडिश बचावपटू, एवढंच खरं.

डालीन ‘थेट ज्युनिअर हॉकीमधून एनएचएलमध्ये’ आला, हा दावाही सपशेल खोटा. सोळाव्या वर्षीच तो फ्रोलुंडा क्लबकडून स्वीडनच्या अव्वल लीगमध्ये, चांगल्या दाढीमिशीवाल्या गड्यांसोबत खेळत होता. सतराव्या वर्षी प्योंगचांग ऑलिंपिक. त्याआधी, २०१८ च्या ज्युनिअर विश्वस्पर्धेत, तो सर्वोत्तम बचावपटू ठरला, आणि ती स्पर्धाही योगायोगाने बफेलोतच!