मालकाचं उत्तर: काम शनिवारीच झालं होतं

सर, नमस्कार. "दोन दिवसांचं काम आठवडाभर रखडवलं, फोन उचलत नाहीत, वर दुसऱ्या खेपेचे वेगळे पैसे" असं लिहून तुम्ही एक तारा दिलात. फोन लागला नाही ही चूक माझीच, माफ करा. घरचा गणपती संगमेश्वराकडच्या गावी असतो, तिथे रेंजसाठी देवळामागच्या टेकाडावर चढावं लागतं.

पण 'रखडवलं' हे मात्र लागलं. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर तुमचा चिपळूणचा सर्व्हर गाळातून काढून मीच पुसला होता. रत्नागिरीच्या शाखेत दुसरी प्रत ठेवू या हेही तेव्हाच ठरलं.

आता वेळेचं. वर्षवार फोल्डर तालुकावार लावायचे होते. दोन्हीकडच्या प्रती सारख्या ठेवणाऱ्या (म्हणजे सिंक करणाऱ्या) आरसिंक या प्रोग्रामला फोल्डर 'हलवला' हे कळत नाही. जुन्या जागेवरचं गेलं आणि नव्या जागेवर नवीन आलं, एवढंच त्याला दिसतं, आणि ते नवीन सगळं लाइनवरून पुन्हा पाठवत बसतं. म्हणून मी सिंक थांबवलं, चिपळूणला आणि रत्नागिरीला तीच हलवाहलव हाताने केली, कोरडी रन घेतली, म्हणजे प्रत्यक्ष काही न पाठवता काय काय जाईल ते नुसतं पाहिलं. पाठवायला काहीच उरलं नव्हतं. शनिवारी सातला सिंक चालू करून, सर्व्हरला 'फोल्डर हलवू नका' अशी चिठ्ठी चिकटवून निघालो.

रविवारी सकाळी 11:40 ला कुणीतरी 'साइट फोटो' उचलून 'जुनी कामं'मध्ये टाकला. लॉगमध्ये वेळ आहे, नाव इथे लिहीत नाही. तो फोल्डर 1.8 टीबीचा. तुमची अपलोड लाइन 20 एमबीपीएस, म्हणजे दिवसाला जेमतेम 216 जीबी. सगळा जायला आठ दिवस! जुनं काढायचं काम मी मुद्दाम शेवटी ठेवलेलं असतं, काही गडबड झाली तर फाइल हातची जाऊ नये म्हणून. त्यामुळे रत्नागिरीला जुनी प्रत तशीच आणि वर नवी अर्धीमुर्धी. गुरुवारी डिस्क फुल्ल, सिंक बंद.

निरोप मिळाला तसा पाच दिवसांचा गणपती आटपून शुक्रवारी रत्नागिरीला आलो. अर्धवट प्रती पुसल्या तरी जागा सुटेना, कारण त्या रोजच्या स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे डिस्कची त्या त्या रात्रीची स्थिती जपून ठेवलेली असते त्यात, अडकलेल्या. त्या चार रात्रींचे स्नॅपशॉट काढले, जुना फोल्डर तिथल्या तिथे नव्या जागी सरकवला, सिंक लावलं. सगळं मिळून दीड तास. एकही फोटो गेला नाही, हे रिव्ह्यूत कुठेच नाही.

दुसऱ्या खेपेचे 1200 रुपये पुढच्या बिलात वळते करतो. डिस्क भरत आली की मेसेज येईल असंही काहीतरी बसवतो, आणि सणासुदीला फोन उचलायला माणूस बघतो. तारा बदला म्हणत नाही. तेवढा 'रखडवलं' शब्द काढता आला तर पाहा, चिपळुणात गिऱ्हाईक ओळखीवरच येतं.