दाराचं तेवढं तू बघ

घरात वाइनसाठी खोली करायची ठरली तेव्हा कामांची वाटणी बायकोने एका दमात उरकली. रॅक ती बघणार, थंड करणारं यंत्र ती बघणार, भिंतींचं इन्सुलेशन, दिवे, बाटल्यांची यादी, सगळं तीच. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "दाराचं तेवढं तू बघ." सगळ्यात हलकं काम माझ्या वाट्याला आलं याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती. मेव्हण्याने तर "मजा आहे बुवा तुमची" असंही म्हणून घेतलं.

वाइनच्या तब्येतीची माहिती मला आयतीच मिळत होती, कारण जेवताना बायको दुसऱ्या विषयावर बोलत नाही. वाइनला साधारण १२ ते १४ अंश तापमान लागतं, आणि आकडा एक वेळ थोडा इकडेतिकडे चालेल, पण तो सारखा हलता कामा नये. हवेत ५० ते ७० टक्के आर्द्रता लागते. कमी झाली तर बूच सुकतं आणि बाटलीत हवा शिरते, जास्त झाली तर लेबलांवर बुरशी धरते. उजेड नको, हादरे नकोत, बूच ओलं राहावं म्हणून आडवं पडून राहायचं. आमचे एक मामा तंतोतंत असेच होते. पडदे ओढलेल्या खोलीत आडवे पडून असायचे, दार किलकिलं झालं तरी "झुळूक येतेय" म्हणून ओरडायचे, आणि वयाबरोबर आपली किंमत वाढत चालली आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. फरक एवढाच, की मामांना बघायला कोणी येत नसे. वाइन मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलीच पाहिजे असा सगळ्यांचा आग्रह.

पहिला धक्का दिला तो यंत्र बसवणाऱ्या तंत्रज्ञाने. त्याने भिंती बघितल्या, मान हलवली. छत बघितलं, मान हलवली. मग रिकाम्या चौकटीच्या जागेसमोर येऊन थांबला.

"इथे काय लावणार?"

"दार," मी म्हटलं.

"ते कळलं. घरातलं की घराबाहेरचं?"

दार घराच्या आतच असल्यामुळे मला प्रश्न कळेना. मग त्याने समजावलं. खोल्याखोल्यांना जी दारं असतात ती फक्त आडोशापुरती. दोन पातळ प्लाय, मध्ये पोकळी, आणि खाली बोट जाईल एवढी फट. अशा दाराच्या एका बाजूला १३ अंश आणि दुसऱ्या बाजूला ३० अंश ठेवले तर ते काही दिवसांत पिळवटून जातं. इथे बाहेरच्या मुख्य दाराच्या तोलाचं दार हवं. भरीव, निदान ४५ मिलिमीटर जाड, चारी बाजूंनी रबर, खाली फट नाही. "थंड हवा जड असते. ती खाली उतरते आणि दाराखालून निवांत बाहेर पडते. तिच्या जागी वरून गरम, दमट हवा आत येते. मग यंत्र रात्रंदिवस चालतं आणि एक दिवस बसतं. लोक शिव्या मला देतात. दाराला कोणी देत नाही." शेवटची दोन वाक्यं तो इतक्या कळवळ्याने बोलला, की मी त्याला बसायला खुर्ची दिली.

डिझायनरला फटींमध्ये काडीचाही रस नव्हता. "सर, दार म्हणजे स्टेटमेंट आहे," तो म्हणाला, आणि त्याने चित्रं पसरली. एकात अखंड काच. एकात लोखंडी वेली, पानं आणि द्राक्षांचे घोस. एकात कमान, एकात जुन्या पिंपांच्या फळ्या जोडून केलेलं कवाड. प्रत्येक चित्रात दारासमोर एक बाई हातात ग्लास घेऊन उभी होती. दार उघडत मात्र एकही नव्हती.

घरची सगळी मतं काचेला पडली. बायकोचंही. मी तंत्रज्ञाला फोन केला तर त्याने हिशोबच सांगितला. बाहेर ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो साधारण २४ अंशांवर. म्हणजे त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरणार. एकेरी काचेच्या पलीकडे १३ अंश असले की काच २४ च्या खाली जाणारच. मग ती बाहेरून घामाघूम होते, थेंब खाली ओघळतात, चौकटीत मुरतात, आणि ज्या बाटल्या दिसाव्यात म्हणून काच लावली त्या धुक्यात जातात. उपाय आहे. दुहेरी काच, मध्ये आरगॉन वायू, आतल्या पृष्ठभागावर उष्णता अडवणारा न दिसणारा लेप. आरगॉनमधून उष्णता हवेच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच वाहते. हे मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं तेव्हा माझी लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही दाराचं तेवढं बघणार होतात ना?"

काचेने पाण्याचा प्रश्न सुटतो, उजेडाचा सुटत नाही. वाइनमध्ये रायबोफ्लेविन, म्हणजे ब२ जीवनसत्त्व असतं. त्यावर अतिनील आणि निळा प्रकाश पडला की गंधकाची संयुगं तयार होतात आणि उकडलेल्या कोबीचा वास यायला लागतो. इथे बायकोने स्वतःच क्रिस्टल शॅम्पेनची गोष्ट काढली. १८७६ साली रशियाच्या झार दुसऱ्या अलेक्झांडरसाठी ती बनवली गेली. बाटली पारदर्शक, कारण, असं सांगतात, आत कोणी काही दडवलेलं नाही हे महाराजांना दिसायला हवं होतं. आता तीच बाटली उजेडापासून वाचवण्यासाठी पिवळसर कागदात गुंडाळून विकतात. "म्हणजे आधी दिसावी म्हणून काच, मग दिसू नये म्हणून कागद," मी म्हटलं. "आपणही काचेचं दार करून त्यावर पडदा लावू शकतो." ती गोष्ट आपण का सांगितली याचा पश्चात्ताप तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

लोखंडी वेलींचा निकाल त्याहून लवकर लागला. लोखंडातून उष्णता लाकडाच्या शेकडो पट सहज वाहते. बाहेरून आतपर्यंत सलग लोखंड असेल तर ती वेल म्हणजे उष्णतेला आत यायला बांधून दिलेली शिडी. शिवाय तिला पाणी सुटणार ते वेगळंच. "सर, द्राक्षांच्या घोसातून थेंब टपकतील, किती पोएटिक!" डिझायनर म्हणाला. दिसायला छान दिसलं असतं, हे मी आजही नाकारत नाही.

कमान मेस्त्रींनी एका वाक्यात पाडली. "कमान मी करून देतो साहेब, पण वरच्या गोलाईत रबर बसवायला यांना पाठवा." 'यांना' म्हणजे डिझायनरला. त्यानंतर कमानीचं चित्र पुन्हा बाहेर आलं नाही.

आमचे सुतार मेस्त्री हे मोजकं बोलणारे गृहस्थ. दार भरीव हवं म्हटल्यावर मी समजलो, एक जाडजूड अखंड फळी आणायची आणि लावायची. ते हसले. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण रुंदीत दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. इथे तर एक बाजू गारव्यात, दुसरी उकाड्यात. म्हणून बाहेर घट्ट जोडलेली चौकट करायची आणि तिच्या खाचेत मधलं पॅनल नुसतं बसवायचं. त्याला सरस लावायचा नाही, खिळा मारायचा नाही. त्याला फुगायला-आकसायला कडेला दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची. "चिकटवलं तर तडकेल. मोकळं ठेवलं तर आपलं आपण बघून घेईल." हे ते दाराबद्दल बोलत होते, पण बायकोने माझ्याकडे बघितलं.

रंगाच्या दिवशी त्यांचा खरा अवतार दिसला. रंगाऱ्याने पॉलिश सुरेख केलं होतं, दोन्ही बाजू चमकत होत्या. मेस्त्रींनी खिशातून दाढीचा छोटा आरसा काढला, उकिडवे बसले आणि दाराखाली सरकवला. आरशात दाराची खालची कड दिसली. कोरी, पांढरीफटक. मग स्टुलावर चढून वरची कड बघितली. तीही तशीच. "जिथे कोणाची नजर जात नाही तिथूनच ओल शिरते," ते म्हणाले आणि रंगाऱ्याला दार पुन्हा उतरवायला लावलं. तोही काही कमी नव्हता. दार उतरवताना पुटपुटला, "आरसा घेऊन फिरणारा सुतार पहिल्यांदाच बघतोय."

दार कुठल्या बाजूला उघडायचं हा प्रश्न मी क्षुल्लक समजत होतो. आत उघडलं तर एका रॅकची जागा जाते. बाहेर उघडलं तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या माणसाच्या नाकाला लागतं. बाहेर, पण भिंतीच्या अंगाला, असं ठरलं. बिजागरी डावीकडे. कोणाच्या डावीकडे? मेस्त्री दाराच्या बाहेर उभे होते, तंत्रज्ञ आत, डिझायनर व्हिडिओ कॉलवर आणि त्याचा कॅमेरा उलटा. बराच वेळ सगळे हवेत हात हलवून न दिसणारी दारं उघडत होते. शेवटी मेस्त्रींनी भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली आणि म्हणाले, "बिजागरी हितं."

मग कडीकोयंडा. मेव्हण्याला बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप हवं होतं. आमच्या घरी, त्याच्या बोटाने. त्यासाठी दाराला आरपार भोक पाडावं लागेल म्हटल्यावर तंत्रज्ञाचा चेहरा उतरला आणि विषय मिटला. डिझायनरने पितळी मूठ निवडली होती, द्राक्षाच्या वेलाची, घसघशीत. वेली त्याने अशा रीतीने आणल्याच. नकाशात दाराची बाहेरची बाजू नक्षीसकट काढलेली होती, आतली बाजू नुसती रिकामी.

"आतल्या माणसाने बाहेर कसं यायचं?" मेस्त्रींनी विचारलं.

"आत कोण राहणार आहे?" डिझायनर म्हणाला.

मेस्त्री काही बोलले नाहीत. आतून चावीशिवाय उघडेल अशी साधी मूठ त्यांनी स्वतःच आणून लावली. माझं आजचं या जगातलं अस्तित्व त्या मुठीमुळे आहे, हे पुढे कळेल.

उंबरठ्यावरून वेगळीच लढाई झाली. उंचवटा असेल तर दार त्याला टेकून फट नीट बंद होते, पण बाटल्यांचे खोके आणणारी ढकलगाडी अडते. त्यावर उपाय निघाला तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत आवडलेला. दाराच्या खालच्या कडेत एक खाच, तिच्यात ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टीला रबर. बिजागरीच्या बाजूला एवढंसं बटण बाहेर आलेलं असतं. दार मिटताना ते चौकटीवर दाबलं जातं आणि पट्टी अलगद उतरून जमिनीला टेकते. दार उघडायला लागलं की पट्टी वर. हे बघायला मी जमिनीवर पालथा पडून दार उघडत होतो, लावत होतो, उघडत होतो. बायको वरून म्हणाली, "कळलं मला. आता लाव."

चाचणी रात्रीच करायची असते. दिवे मालवायचे, एकाने आत काळोखात उभं राहायचं, दुसऱ्याने बाहेरून बॅटरी घेऊन दाराच्या कडेने फिरवायची. आतल्याला उजेडाची रेघ दिसली की तिथे फट. मी आत गेलो. दार मिटलं, पट्टी उतरली आणि सगळं शांत झालं. खालून काही नाही. कुलपाच्या बाजूने काही नाही. वरच्या कोपऱ्यात, बिजागरीकडे, सुईएवढा उजेड चमकला. "सापडली!" मी ओरडलो. उजेड पुढे सरकला. मी पुन्हा ओरडलो. मग दार वाजवलं. बाहेर बायकोला वाटलं, मी सगळं ठीक आहे असं सांगतोय, म्हणून ती बॅटरी बंद करून वर निघून गेली. दाराने आवाज एवढा अडवला होता याचं कौतुक करावं की काय करावं, या विचारात मी साधी मूठ चाचपली आणि बाहेर आलो. वर जाऊन तिला सांगितलं, "वरच्या कोपऱ्यात फट आहे."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी कागदाची पट्टी दारात धरून दार मिटलं आणि ओढली. सगळीकडे ती घट्ट धरली जात होती, त्या कोपऱ्यात सुळकन निघून आली. कोपऱ्यात रबर सरळ कापलं होतं, ते दोन्हीकडून तिरकं कापून त्यांनी जुळवलं. मग पट्टी निघेना, फाटली. ती पट्टी लोखंडी वेलींच्या चित्रातून फाडलेली होती, हे डिझायनरला कोणी सांगितलं नाही.

तर दार झालं. भरीव लाकडाचं, डोळ्यांच्या उंचीवर दुहेरी काचेची एक छोटी खिडकी, कारण डिझायनरला काहीतरी द्यायलाच हवं होतं. पितळी मुठीचं सगळे कौतुक करतात. दाराखालच्या पट्टीबद्दल अजून कोणी विचारलेलं नाही. मी आपणहून सांगायला लागलो की बायको पाहुण्यांना वर घेऊन जाते. परवा मेव्हणा चार मित्रांना घेऊन आला. दार उघडायचं नाही हे त्याला आता माहीत झालंय. सगळ्यांनी रांगेने खिडकीला नाक लावून आत बघितलं. आत दिवा बंद होता.

"अगं ताई, काहीच दिसत नाही की," मेव्हणा म्हणाला.

"हो ना?" बायकोचा चेहरा खुलला. "मेस्त्रींना कळवते."