अल्बम कसा वाटला, पॉइंटमध्ये सांग

शुक्रवार आला की माझ्या पोटात गोळा येतो. 2015 च्या जुलैपासून जगभरातले नवे अल्बम शुक्रवारीच काढायचे असं त्या म्युझिकवाल्यांनी ठरवून टाकलंय. आधी म्हणे इंग्लंडात सोमवारी यायचे आणि अमेरिकेत मंगळवारी, म्हणजे आठवड्याच्या सुरुवातीलाच काय ते उरकून माणूस मोकळा व्हायचा. आमच्याकडे इंजिनिअरिंगसाठी राहायला आलेला भाचा शुक्रवारी सकाळी मला लिंक पाठवतो आणि शनिवारी रात्री जेवताना विचारतो, "मामा, कसा वाटला?" आणि "छान आहे" म्हणून सुटका नाही. "छान म्हणजे काय छान? प्रॉडक्शन छान की साँगरायटिंग छान? की आधीच्या अल्बमच्या मानाने छान?" मी तोंडात भाकरीचा तुकडा घेऊन विचार करत बसतो. ऐकलाच नाही म्हणावं तर तो उठून ब्लूटूथ स्पीकर आणतो आणि आमटीच्या पातेल्याशेजारी ठेवतो.

बरं नुसतं तोंडी मत चालत नाही, त्याला आकडा लागतो आणि आकड्याला पुढे पॉइंट लागतो. ही पॉइंटची भानगड पिचफोर्क नावाच्या अल्बमची परीक्षणं छापणाऱ्या वेबसाइटची. 1996 मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसकडच्या रायन श्रायबर नावाच्या पोराने घरबसल्या हे सुरू केलं आणि पुढे इंडी रॉक म्हणू नका, इलेक्ट्रॉनिक म्हणू नका, सगळ्यांना 0.0 ते 10.0 मध्ये मार्क वाटत सुटले. आता 7.8 आणि 7.9 मध्ये नक्की काय असतं? आमच्याकडे दहावीच्या निकालात 91.40 आणि 91.60 वरून दोन चुलतघरांतलं जाणंयेणं बंद झालेलं मी बघितलंय, पण तिथे निदान उत्तरपत्रिका तरी असते. इथे पेपर एकच आणि तपासणारे दोघं बसले की काय होतं ते रेडिओहेडच्या 'किड ए'ने दाखवलं. 2000 चा ऑक्टोबर, गिटारवाल्या बँडने गिटारी बाजूला सारून बराचसा इलेक्ट्रॉनिक अल्बम काढला, पिचफोर्कने दिले दहापैकी दहा, आणि तिकडे इंग्लंडात मेलडी मेकर नावाच्या संगीत साप्ताहिकाने दिले पाचपैकी दीड. म्हणजे 30 टक्के, काठावर नापास. (मेलडी मेकर त्याच वर्षीच्या डिसेंबरात बंद पडलं, भाच्याच्या मते हा योगायोग नव्हे.)

आणि शून्य! शून्यसुद्धा द्यायचे हे लोक. जेट नावाचा ऑस्ट्रेलियन बँड, 2006 साली दुसरा अल्बम आला, त्याच्या परीक्षणात एक शब्द नाही, फक्त एक व्हिडिओ, त्यात चिंपांझी स्वतःच्याच तोंडात शू करतोय, आणि वर मार्क 0.0. हे भाच्याने आम्हाला कढी वाढताना सांगितलं. आईने त्या दिवशी कढी घेतली नाही.

पण खरी गंमत पुढे. 2021 मध्ये याच पिचफोर्कने जुने पेपर रीचेकिंगला काढले. डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीचा 'डिस्कव्हरी', ज्याला 2001 मध्ये 6.4 दिले होते, त्याला दहापैकी दहा. लिझ फेअर या गायिकेला 2003 मध्ये शून्य मिळालं होतं तिला 6.0, घ्या, पास. इंटरपोल नावाच्या बँडचा पहिला अल्बम 9.5 वरून 7.0 वर, बिचाऱ्यांनी रीचेकिंगचा फॉर्मही भरला नव्हता. आमचा भाचा 'डिस्कव्हरी' आला तेव्हा जन्मालाही आला नव्हता, पण त्या 6.4 बद्दल बोलताना असा तापतो की वाटावं याच्याच वडिलांचं प्रमोशन कोणीतरी अडवलं होतं. आम्ही 2001 साली त्या अल्बमवर हॉस्टेलच्या गच्चीवर नाचलो होतो. कोणी मार्क विचारले नाहीत, रेक्टरने फक्त नावं विचारली.

भाच्याचे स्वतःचे नियम पण आहेत. कुठल्याही बँडचा पहिला अल्बम ग्रेट, दुसरा "ग्रोथ दिसते", तिसरा "आता हे विकले गेले", आणि चौथा नीट ऐकायचाच नाही पण त्याच्यावर सगळ्यात जास्त बोलायचं. आणि ज्या बँडचं नाव माझ्या ऑफिसातल्या कोणाला माहीत निघालं तो त्याच दिवशी याच्या यादीतून कटाप. अशा एका बँडला मी चुकून वाचवलंय, म्हणजे ऑफिसात तो माहीत आहे हे याला सांगितलेलंच नाही.

मी प्रयत्न करत नाही असं नाही हां. मागे त्याने गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर ऐकायला दिलं. कॅनडात माँट्रियलचा बँड, 2000 सालचा अल्बम, दोन सीडी मिळून गाणी चार, एकेक वीस मिनिटांच्या आसपास, आणि गाणारं कोणी नाही. म्हटलं गाडीत ऐकू, कोथरूड ते हिंजवडी वेळ भरपूर असतो. चांदणी चौकात एक गिटार हळूच सुरू झाली. बावधनला व्हायोलिन आलं. बाणेरच्या अलीकडे सगळे मिळून काहीतरी चढत चाललेत, चढत चाललेत, माझं पण आपोआप स्टेअरिंग घट्ट, आता फुटणार, आता फुटणार, आणि नेमकं तेव्हा मागच्या टेम्पोने हॉर्न दिला तो गाण्यात इतका चपखल बसला की मला वाटलं अल्बममध्येच आहे. वाकडच्या पुलाखाली ड्रम कोसळले आणि खरं सांगतो, सिग्नल सुटला तरी मी दोन सेकंद गाडी काढली नाही. रात्री हे सगळं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, हे मत नाही, हा रूट आहे."

मग बरिअलचा 'अनट्रू', 2007 चा. हा लंडनचा माणूस, सुरुवातीला काही वर्षं नावच सांगितलं नाही कोणाला, शेवटी 2008 मध्ये स्वतःच जाहीर केलं. गाण्यात आवाज कापलेले, वर जुन्या रेकॉर्डसारखी करकर, पावसाची रिपरिप. समीक्षकांनी लिहिलं की यात रात्रीच्या ओल्या रस्त्यांचा एकटेपणा आहे. मी आधी इयरफोनची वायर हलवून बघितली, मग पिन फुंकून बघितली, मग स्पीकरवर लावलं तर आई आतून ओरडत आली, "अरे पाऊस आला ना, बसून काय राहिलायस, कपडे काढ दोरीवरचे!" बायको गॅलरीत पळाली, निम्मे कपडे आत आले तरी बाहेर टक्क ऊन. भाचा मात्र खुश, म्हणे कोणाही समीक्षकापेक्षा आजीला हा अल्बम जास्त पोचला. ओले टॉवेल खुर्च्यांवर पसरत बायको म्हणाली, पोचला असेल, आता त्याला घड्या पण घालायला सांग.

घरात अजून एक समीक्षक आहेत ते म्हणजे अप्पा, माझे वडील. सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं जाणारे, आणि तिथून येऊन रिक्षाचे पैसे द्यायच्या आत निकाल देणारे: "सूर होता, पण आज गाणं नव्हतं." भाच्याने त्यांना एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिकवाल्याचा 1994 चा अँबिअंट, म्हणजे नुसतं वातावरण करणारा, अल्बम ऐकवला. त्यात ताल जवळपास नाहीच आणि बहुतेक गाण्यांना नावंसुद्धा नाहीत, नावाच्या जागी फोटो. एकच गूंSSS असा स्वर लांबच लांब. अप्पांनी डोळे मिटले, मान एकदा डोलली, म्हणाले, "वा. तंबोरे छान लागलेत." पाच मिनिटं गेली. सात गेली. अप्पांनी एक डोळा उघडला. "गवई कुठाय?" भाचा म्हणाला, "आजोबा, गवई नाहीये, हेच आहे." अप्पा म्हणाले, "असू दे, चहा घेत असेल," आणि पुन्हा डोळे मिटले.

एवढ्यावर भाच्याचं समाधान होईना, म्हणून त्याने ठेवणीतला काढला. चरणजीत सिंग. हे आमच्या मुंबईतले, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे. 1982 मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक मशिनं घेतली, 808 ठेक्याला, 303 बेसला आणि ज्युपिटर-8 सुरांना, आणि डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. चाललीच नाही. कोणी ढुंकून पाहिलं नाही. पाच वर्षांनी, 1987 मध्ये, शिकागोतल्या पोरांनी तेच 303 पिळून तसले आवाज काढले तर त्याला अॅसिड हाउस म्हणून जगभर नाचले. 2010 मध्ये ही रेकॉर्ड परदेशात पुन्हा निघाली तेव्हा तिकडच्या पंडितांना झीट यायची बाकी होती, काहींना तर वाटलं आत्ताच्याच कोणीतरी जुनी म्हणून खपवलीये. मग सिंगसाहेब सत्तरीच्या घरात परदेशात जाऊन ते स्टेजवर वाजवून पण आले. 2015 मध्ये गेले. आम्ही पुण्यात बसून माँट्रियलचं ऐकतोय आणि हे मुंबईत होते, जाऊ दे.

तर भाच्याने लावला ललित. अप्पांनी आधी घड्याळ बघितलं. "ललित? आत्ता? रात्री सव्वानऊला?" मग गप्प झाले. मग बोटं हलायला लागली. "दोन्ही मध्यम घेतोय बरं का. तयारीचा माणूस आहे." भाचा मोबाईलवर टायपायला सज्ज. "पण त्या ठेकेवाल्याला सांगा कोणीतरी, एकदा तरी वाजवणाऱ्याकडे बघ म्हणावं." "आजोबा, तो ठेकेवाला नाहीये, मशिन आहे." "मग मशिनला सांग." तेवढ्यात राग संपला तर अप्पा खवळलेच, "संपला? अजून माणूस नीट बसला पण नव्हता!" भाच्याने विचारलं, दहापैकी किती. अप्पा म्हणाले, "वेळ चुकली त्याचे मार्क कसे द्यायचे? तोडी आहे ना यात? तो सकाळी लाव, वेळेवर, मग बोलू."

रविवारी सकाळी सातला तोडी लागला, अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून फुल व्हॉल्यूमवर. सव्वासातला सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगमधून मेसेज आला, कोणाकडे ड्रिलिंगचं काम सुरू आहे का, रविवारी अलाउड नाही. भाच्याने त्याचाही स्क्रीनशॉट काढला आणि अप्पांना दाखवला. अप्पा चष्मा लावून म्हणाले, "हा ठेक्याबद्दल बोलतोय. बरोबर आहे त्याचं."