ऑफ सीझनचे पेपर तपासणाऱ्यांसाठी काही सूचना

यंदा, म्हणजे २०२५ला, गौरीजेवण आणि लेबर डेची सुट्टी एकाच दिवशी आली, म्हणून आम्ही सगळे न्यू जर्सीतल्या चेरी हिलला साडूंकडे जमलो होतो. दुसऱ्या पुरणपोळीवर मी तुपाची धार धरतोय, तेवढ्यात त्यांनी आपला फोन माझ्या पानाशेजारी ठेवला. "साडूभाऊ, बघा! सिक्सर्सना बी प्लस!"

कुणीतरी तज्ज्ञाने एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या सगळ्या संघांचे, त्यात आमच्या फिलाडेल्फियाच्या सिक्सर्सचेही, उन्हाळी पेपर तपासले होते. कोणाला आणलं, कोणाला सोडलं, कोणाशी किती वर्षांचा करार केला, आणि शेवटी लाल शाईत शेरा. गेल्या वर्षी याच सुमारास, याच फोनवर, याच संघापुढे 'ए' दिसला होता. त्या 'ए'वर भुलून आम्ही दोघांनी मिळून पाच सामन्यांची तिकिटं काढली. पैसे मी भरले, निम्मे साडू देणार होते. पुढे संघ ८२ सामन्यांतले २४ जिंकला आणि ईस्ट विभागातल्या पंधरा संघांत तेरावा आला.

पोळी काही खाली उतरेना. घरी येताना पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये बसल्या बसल्या साक्षात्कार झाला की चूक आपलीच आहे. खेळ बघायचा आणि मग मत बनवायचं, असल्या जुनाट सवयी आपल्याला लागल्या आहेत. पेपर तपासण्याचं शास्त्र वेगळं असतं. ते मी आता शिकलोय आणि तुम्हालाही फुकटात शिकवतो.

सर्वात आधी, नावं मोजा. गुडघे मोजू नका.

२०२४चा उन्हाळा आठवा. सिक्सर्सनी पॉल जॉर्जला चार वर्षांसाठी सुमारे २१ कोटी २० लाख डॉलर. वय ३४, पण नाव केवढं मोठं! टायरीस मॅक्सीला पाच वर्षांचे २० कोटी ४० लाख. आणि सप्टेंबरात जोएल एम्बीडचा करार आणखी तीन वर्षांनी वाढवला, त्याचे १९ कोटी ३० लाख. तीन माणसांत ६० कोटी डॉलरच्या वर. तपासनीस खूश, साडू खूश, मीही खूश. एम्बीडने तर हंगाम सुरू होण्याआधीच सांगून टाकलं होतं की लागोपाठ दोन दिवसांचे सामने बहुधा उरलेल्या कारकिर्दीत खेळणारच नाही. यावर गुण कापायचे नसतात. याला 'समंजस नियोजन' म्हणायचं.

२३ ऑक्टोबरला घरचा पहिला सामना. मुलाला एम्बीडची २१ नंबरची जर्सी घालून ब्रॉड स्ट्रीट लाइनने शेवटच्या स्टेशनपर्यंत घेऊन गेलो. घंटा वाजली, पब्लिक उभी राहिली, आणि कोर्टावर ना एम्बीड ना जॉर्ज. मिलवॉकीने १२४-१०९ असं धुतलं. मुलाने मध्यंतरात जर्सीवर जाकीट चढवलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली. थंडी वाजत होती म्हणे. काही दिवसांतच एनबीएने संघाला १ लाख डॉलर दंड केला, कारण एम्बीडच्या न खेळण्याबद्दल संघ जे बोलत होता ते आणि खरी परिस्थिती यांचा मेळ बसत नव्हता. त्या हंगामात एम्बीड खेळला १९ सामने, जॉर्ज ४१, मॅक्सी ५२.

एका रविवारी चहा घेत घेत बेरीज केली. एम्बीडला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं त्या २०१४पासून गेल्या हंगामापर्यंत सिक्सर्सचे साखळी सामने झाले ८८३. त्यातले एम्बीड खेळला ४५२. आमच्या सोसायटीत पाणी एक दिवसाआड यायचं, त्याची आठवण झाली. पण निदान तिथे वार ठरलेले होते. आणि गडी खेळतो तेव्हा काय खेळतो, हे मी सांगायला नको! एका रात्रीत ७० गुण काढलेला माणूस आहे तो. त्याच्यावर माझा राग नाही. कोणाचे गुडघे कसे निघावेत हे त्याच्या हातात नसतं. पण 'ए' देणाऱ्याचं डोकं तर देणाऱ्याच्या स्वतःच्या हातात असतं ना?

असो. शांतपणे पुढे जाऊ.

ऑगस्टमध्ये रिकाम्या जिममधला व्हिडिओ दिसला, आणि त्यात कोणी अंगावर न येणाऱ्या माणसाने लागोपाठ सात शॉट घातले, की अंदाजात पाच विजय वाढवा.

'पंधरा पौंड कमी केले' असेल तर चार. 'पंधरा पौंड मसल वाढवले' असेल तरी चारच.

जो रोज उठून कामावर येतो त्याला मोजायची गरज नाही. गेर्शोन याबुसेले नावाचा फ्रेंच गडी गेल्या हंगामात ७० सामने खेळला, तेही सर्वात कमी पगारांपैकी एकावर. तो या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला गेला. तपासनिसांनी दीड ओळ लिहिली. क्वेंटिन ग्राइम्स फेब्रुवारीत डॅलसहून आला, इथे २८ सामन्यांत सरासरी २१.९ गुण काढले, आणि २०२५चा सप्टेंबर उजाडला तरी त्याचा करार झालेला नव्हता. जुलै गेला, ऑगस्ट गेला, बाप्पा आले आणि गेले. या स्थितीला 'संघाने घाई केली नाही' असं लिहायचं असतं, आणि संयमाचे दोन गुण द्यायचे असतात.

दुसऱ्याच्या घरातलं आजारपण आपल्या पुण्याईत जमा करायला विसरू नका. बॉस्टनच्या टेटमचं आणि इंडियानाच्या हॅलिबर्टनचं टाचेमागचं अकिलिस तुटलं, म्हणून 'ईस्ट मोकळी आहे'. मग आपण काय केलं? आपण जिवंत राहिलो. बी प्लस.

'तब्येतीने साथ दिली तर' हे चार शब्द प्रत्येक परिच्छेदात पेरा. पुढे काहीही झालं तरी तुम्ही चुकत नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, पण तेवढ्यावर काकाच्या नावाने पाच-पाच सामन्यांची तिकिटं कोणी काढतं का? काढतं. मी काढली.

आता सर्वात महत्त्वाची सूचना. जुना पेपर कधीही, चुकूनसुद्धा, बाहेर काढू नका.

मी काढला. २०१९चा. त्या वर्षी १२ मे रोजी टोरंटोत कवाय लेनर्डचा शेवटचा शॉट रिंगवर चार वेळा टप्पे घेऊन आत पडला आणि आम्ही प्लेऑफमधून बाहेर पडलो. ते चार टप्पे मी अजून झोपेत मोजतो, त्याबद्दल जास्त बोलत नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आमचा जिमी बटलर मायामीला गेला. टोबायस हॅरिसला पाच वर्षांचे १८ कोटी दिले. अल हॉरफर्डला चार वर्षांसाठी जास्तीत जास्त १० कोटी ९० लाख. बास्केटखालचा उंच गडी, म्हणजे सेंटर, एम्बीड असताना आणखी एक सेंटर, आणि चेंडू पुढे नेणारा पॉइंट गार्डसुद्धा सहा फूट दहा इंच! सगळे ताडमाड, लोकांना उचलून फेकतील, असं कौतुक चाललं होतं. शूट कोण करणार, हा प्रश्न विचारणारा म्हणजे पनवती.

पुढच्या वर्षी बॉस्टनने प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत ४-० असं घरी पाठवलं. आणि एका हंगामात हॉरफर्ड नकोसा झाला. घरात मोठ्या हौसेने सोफा आणावा, तो कुठल्याच खोलीत बसू नये, आणि तो उचलून न्यायला भंगारवाल्यालाच आपण पैसे द्यावेत, तसं झालं. ओक्लाहोमा सिटीने सोफा नेला आणि वर २०२५च्या ड्राफ्टमधला आपला पहिल्या फेरीतला पिक, म्हणजे खेळाडू निवडायचा नंबर, घेतला. अट एवढीच, की तो पिक पहिल्या सहांत आला तर आपल्याकडे राहील.

तेव्हा २०२५ म्हणजे फार लांबचं साल वाटलं. कोण बघायला येतंय? आलं की हो! मार्च-एप्रिलमध्ये मी माझ्याच संघाच्या पराभवासाठी देवापुढे हात जोडत होतो. ड्राफ्टमध्ये हरणाऱ्यांना वरचा नंबर मिळायची शक्यता जास्त, म्हणून जिंकलो तर नंबर घसरणार आणि पिक ओक्लाहोमाला जाणार. चौथ्या क्वार्टरमध्ये आपला एक शॉट हुकला आणि मी टाळी वाजवली, तर मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "बाबा, आपण कोणाच्या बाजूने आहोत?" काय सांगू त्याला? सहा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात चांगले मार्क मिळाले होते, त्याचं व्याज फेडतोय?

ड्राफ्टचे नंबर ठरवणाऱ्या लॉटरीत तिसरा नंबर लागला. बहामाजचा व्हीजे एजकोम हा पोरगा मिळाला, आणि पोरगा खरंच उडी मारतो. लगेच व्यवस्थापनाची पाठ थोपटायला रांग लागली. यंदाच्या बी प्लसचं मोठं कारण तेच आहे. चेंडूंच्या ड्रममधून निघालेला नंबर, यात कोणाची दूरदृष्टी? आणि ते कर्ज फिटलेलं नाहीच. पिक यंदा वाचला म्हणून देणं २०२६वर ढकललं गेलंय, आणि त्या वर्षी वाचायला पहिल्या चारांत यावं लागेल. म्हणजे पुन्हा मार्च, पुन्हा देवापुढे मी.

बाकीच्यांचं काय झालं तेही ऐका. बटलरने मायामीला दोनदा फायनलला नेलं, २०२० आणि २०२३ला. हॉरफर्ड बॉस्टनला परत गेला आणि २०२४ला विजेता झाला. ओक्लाहोमा सिटी २०२५ची विजेती. हॅरिसचा करार पाच वर्षांनी संपला, तेव्हा मोकळ्या झालेल्या पैशांतूनच पॉल जॉर्ज आणला, ज्याला आपण 'ए' दिला. आमचा शेवटचा चषक १९८३चा. मी तेव्हा डोंबिवलीत चड्डीत फिरत होतो आणि फिलाडेल्फिया नकाशात कुठे आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

२०१९चे ते पेपर तपासणारे कुठे आहेत? एकाने तरी परत येऊन लिहिलं का, की बाबांनो, मी त्या उन्हाळ्याला चांगले गुण दिले होते, ते खोडतो?

बास झाली चेष्टा.

अहो, शाळेतले गुरुजीसुद्धा मुलाने पेपर लिहिल्यावर तपासायचे. तुम्ही कोऱ्या कागदाला मार्क देता! सामना एक झालेला नाही, सराव शिबिर सुरू नाही, एम्बीडच्या गुडघ्यावर एप्रिलमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झालीय, जॉर्जच्या जुलैमध्ये, आणि तुम्ही कुठल्या आधारावर 'बी'ला 'प्लस' लावता? तो प्लस कुठून आला, एवढं तरी सांगा. आणि द्यायचेच असतील मार्क, तर शेजारी गेल्या वर्षीचे तुमचे मार्क छापा. त्याच आकाराच्या अक्षरांत, आणि त्याखाली निकाल. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे गेल्या तीन हंगामांत तो किती सामने खेळला तो आकडा लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. ते तुम्ही करत नाही, कारण ते केलं तर सप्टेंबरात वाचायला कोणी उरणार नाही.

आणि आपण? आपण कमी आहोत का? तो कागद न वाचता पुढे ढकलतो, गौरीच्या पानाशेजारी ठेवतो, ऑक्टोबरात तिकिटं काढतो, डिसेंबरात शिव्या देतो, एप्रिलमध्ये हरण्यासाठी नवस बोलतो आणि मे महिन्यात लॉटरी लागली की नाचतो. ज्याला चार महिन्यांपूर्वीची शिवी आठवत नाही, त्याला संघाच्या मालकाने का घाबरावं? पोरं हा सगळा तमाशा बघत असतात. माझ्या मुलाने ती जर्सी त्या रात्रीनंतर घातलेली नाही. आता लहानही झाली असेल.

मीही यातून सुटत नाही. परवा माळ्यावरचा खोका काढताना २०२४चं कॅलेंडर सापडलं. ऑक्टोबरच्या पानावर, दूधवाल्याच्या हिशेबासारख्या बारीक अक्षरात, माझ्याच हाताने लिहिलेलं होतं: '५४-२८, निदान सेमी'. ५४ लिहिले होते, आले २४. एका आकड्याचीच चूक म्हणायची.

तेव्हा साडूभाऊ, तुमचा तो बी प्लस तुमच्यापाशीच ठेवा. यंदाच्या तिकिटांचं विचारलंत, त्यावर नंतर बोलू. गेल्या वर्षीचे निम्मे पैसे अजून आलेले नाहीत. आधी तेवढे पाठवा.